सत्यशीलाशी जुळेल असा इंग्रजी शब्द

१ जानेवारी २००३, बुधवार
पाचला उठणार होतो. साडेसातला उठलो. थंडी फार. उद्यापासून.

या वर्षीचे संकल्प: पहाटे कॅनॉलच्या कडेनं फिरणे, लोकांच्या भानगडीत न पडणे, इंग्रजी सुधारणे. तसं माझं इंग्रजी चांगलंच आहे. बँकेत आयुष्यभर 'युवर्स फेथफुली' लिहिलंय. कॉम्प्युटर आले तेव्हा मी व्हीआरएस घेतली. बँकेनं दिली असं काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

सौ. बंगलोरला, तेजसकडे. सूनबाईंच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती गेल्या जानेवारीत. आता नातू वर्षाचा होईल, सौ. अजून तिथेच. मी इथे कर्वेनगरात एकटा, पण अगदी मजेत. हवं तेव्हा उठा, हवं तेव्हा झोपा, कुणी विचारत नाही. खरंच कुणी विचारत नाही.

५ जानेवारी, रविवार
दहाला सौ.चा फोन, दर रविवारप्रमाणे. आज तेजसही बोलला. पियुषचा पहिला वाढदिवस १६ फेब्रुवारीला. ऑफिसची मंडळी येणार. तमिळ, बंगाली, पंजाबी, एक जण तर कॅनडाचा. सूनबाईंनी, म्हणजे प्रियदर्शनीनं, ठरवलंय की सगळ्या जोडप्यांनी उखाणे घ्यायचे, आणि सगळ्यांना कळावेत म्हणून इंग्रजीत. तेजस म्हणाला, बाबा, नाही जमलं तर राहू द्या. मला नाही जमलं तर! बँकेच्या गॅदरिंगला यमकं कोण जुळवायचं ते या दिवट्याला काय ठाऊक.

एक गोष्ट उघड आहे. सौ.ला पुण्याला यायचंय. सुनेपुढे बोलायची चोरी. तेव्हा भर कार्यक्रमात मीच उखाण्यातून म्हणणार, चल घरी. मग कोण अडवतो बघू. फोनवर साधं 'ये' म्हणणं मला जमत नाही. आणि मी का म्हणावं? गरज तिला आहे.

६ जानेवारी, सोमवार
कामाला लागलो. सौ.चं नाव सत्यशीला. शेवटी 'ईला' येईल असा इंग्रजी शब्द हवा, आणि त्याचा अर्थही प्रसंगाला शोभला पाहिजे.

अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराला विचारलं, इंग्रजी यमकांची डिक्शनरी आहे का? तो म्हणाला, आहे, पण तुम्हाला काय करायचीय? मी म्हटलं, तुम्ही पुस्तकं विकायला बसलाय की चौकशी करायला? तो म्हणाला, विकायला, पण सगळ्यांना नाही. ताडकन बाहेर पडलो. पुस्तक गेलं खड्ड्यात, बाणा महत्त्वाचा.

घरात कॉलेजातली जुनी डिक्शनरी आहे. ए पासून झेडपर्यंत वाचून काढणार. रोज वीस पानं.

७ जानेवारी
चार पानं. दूध उतू गेलं.

९ जानेवारी, गुरुवार
'ए' फार उदास अक्षर आहे. 'ॲबँडन', टाकून देणे. 'ॲब्सेंट', गैरहजर. 'अलोन'. त्याचा अर्थ बघितलाच नाही. सरळ 'जी' उघडलं.

१० जानेवारी, शुक्रवार
युरेका! गोरिला.

अर्थ नीट वाचला. आफ्रिकेतला मोठा वानर, ताकदवान, कुटुंब करून राहणारा. अगदी गृहस्थाश्रमी प्राणी. लगेच रचला: 'इन द जंगल ऑफ आफ्रिका लिव्ह्ज द बिग गोरिला, कम बॅक टू कर्वेनगर, माय सत्यशीला.'

खालच्या मजल्यावरच्या संपतरावांना ऐकवला. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. बिल्डरनं चार फ्लॅट दिले, आता दिवसभर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. त्यांना ठसका लागला. चहा नाकातून आला. म्हणाले, श्रीनिवासराव, गोरिला कोन हाय यात, तुमी का वैनी? अशिक्षित माणसाला रूपक कळत नाही. तरी गोरिला रद्द.

१९ जानेवारी, रविवार
फोन. सौ.ची सहज परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, कॅटला यमक सांग बघू. तर हिनं धडाधड बॅट, मॅट, रॅट, हॅट, फॅट सांगितले, वर प्रत्येकाचा अर्थ, आणि शेवटी 'नाऊ यू टेल वन' म्हणाली. दचकलोच. मग लक्षात आलं, माझ्या सहवासाचा परिणाम. इतकी वर्षं कानावर पडलंय, वाया कसं जाईल.

म्हणाली, सोमवार ते शुक्रवार दहा ते एक फोन करू नका, मी नसते. म्हणजे त्या वेळात सूनबाई तिला भाजीला पिटाळतात. रोज तीन तास भाजी! बिचारी. काहीतरी सांगायला लागली, खाली लहान मुलांचं वगैरे, पण मी म्हटलं, एसटीडी चालू आहे, मुद्द्याचं बोल. तर म्हणाली, बरं, ठेवते.

ठेवायला नको होतं इतक्यात.

२६ जानेवारी, रविवार
फोनला उशीर. शाळेत झेंडावंदन होतं म्हणाली. पियुष अजून धड चालत नाही, त्याला कसली शाळा? शेजारच्या शाळेतलं बघायला गेली असेल. हौस दांडगी. परत म्हणाली, अहो, तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हटलं, मलाही सांगायचंय, आता सोळाला समक्षच बोलू. मनात हसलो. तिला काय सांगायचंय ते मला पाठ आहे.

३० जानेवारी, गुरुवार
व्हॅनिला सापडला. डिक्शनरीत लिहिलंय, एक प्रकारचा वेल. मी समजत होतो पांढरा रंग. अर्थ पुरता समजावा म्हणून आइस्क्रीम आणून खाल्लं. फॅमिली पॅकच मिळाला. एकट्यानं संपवला.

३१ जानेवारी
घसा बसला. व्हॅनिला रद्द. सौ. असती तर हळदीचं दूध दिलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. शब्दसुद्धा चालले असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार
'व्ही'! व्हिला! जुळतोही आणि शोभतोही. वारज्याला हायवेच्या कडेला बिल्डरची पाटीच आहे, 'लक्झुरियस व्हिलाज'. शब्द वापरायचा तर वस्तू बघितली पाहिजे, म्हणून शर्टाला इस्त्री करून गेलो. तिथल्या मुलीनं सँपल व्हिला दाखवला. तीन बेडरूम, गवत, झोपाळा. फार अदबीनं बोलत होती, सर, सर करून. फॅमिलीत किती जण, तिनं विचारलं. दोघं, म्हटलं. मॅडम कधी येतील बघायला? म्हटलं, सोळानंतर. तिनं कॉफी दिली. झोपाळ्यावर जरा बसलो. घ्यायचा नाहीये हे सांगायला हवं होतं, पण इतकं चांगलं चाललं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सिद्ध झाला.

'सम पीपल वाँट अ बंगलो, सम पीपल वाँट अ व्हिला,
आय वाँट मॉर्निंग टी ॲट होम, सो कम बॅक, सत्यशीला.'

अर्थ, यमक, आर्जव, सगळं आहे. फक्त मूळचं मराठीत असतं तर आर्जव जरा जास्त वाटलं असतं. इंग्रजीत खपून जातं.

संपतरावांना अर्थासकट ऐकवला. ते हसले नाहीत. म्हणाले, आवो, मग फोन उचला आन् म्हना, करमंना झालंय, ये घरी. त्याला यमक कशाला पायजे? या लोकांशी वाङ्मयीन चर्चा करण्यात अर्थ नाही. आणि करमत नाही असं कोण म्हणालं? नसत्या चौकशा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आज निघतो. रेल्वेची तिकिटं: जाताना एक, येताना दोन. येतानाची दोन्ही खिडकीजवळची मागितली होती. सौ.ला बाहेर बघायला आवडतं. निघण्यापूर्वी तिचं साड्यांचं कपाट पुसून काढलं, चहापत्ती, साखर, आलं आणून ठेवलं. आल्या आल्या शोधाशोध नको.

१६ फेब्रुवारी, रविवार. बंगलोर
कार्यक्रम क्लब हाउसमध्ये झाला. गर्दी भरपूर. कॅनडावाल्यानं बायकोचं नाव घेतलं, यमक नव्हतं. मग मी. आवाज खणखणीत लागला. एकही शब्द चुकलो नाही. 'सो कम बॅक' ला सौ.कडे बघितलंसुद्धा. टाळ्यांचा कडकडाट. कॅनडावाल्यानं शिट्टी मारली. सगळ्यांना वाटलं गंमत.

सौ. पुढे आली. 'व्हेरी गुड! बिग क्लॅप फॉर आजोबा!' म्हणाली आणि माझ्या शर्टावर सोनेरी कागदाचा स्टार चिकटवला. तिच्याभोवती दहा-बारा पोरं 'मिस, मिस' करत होती. मला वाटलं खेळ असेल काही.

मग तिची पाळी. ना कागद, ना अडखळणं.

'मंडे टू फ्रायडे, टेन टू वन, आय टीच माय लिटल क्लास,
सॅटर्डे अँड संडे आय रिमेंबर श्रीनिवास.'

लोक पोट धरून हसले. मीही हसलो, सगळे हसत होते म्हणून. यमक चांगलं जुळलं होतं. नाही कसं म्हणणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सौ. नऊला साडी नेसून, पर्स घेऊन तयार. जूनपासून खालच्या प्लेस्कूलमध्ये शिकवते. मुलांना इंग्रजी ऱ्हाइम्स. अहो, किती वेळा सांगायला गेले, म्हणाली, तुमचं आपलं एसटीडी, एसटीडी.

दुपारी आली तेव्हा स्पष्टच विचारलं, निघायचं ना परवा? तर म्हणाली, मार्चपर्यंत टर्म आहे, जूनमध्ये नवीन बॅच. मुलं वाट बघतात हो माझी. मग म्हणाली, तुम्हीच राहा ना इथे. मी म्हटलं, पुणं सोडून? तिकडे कामं पडलीत माझी.

एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणेल असं वाटत होतं. दुसऱ्यांदा म्हणाली असती तर राहिलो असतो. बॅग खूप सावकाश भरली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. पुणे
पोचलो. एक तिकीट रद्द करून टाकलं होतं. शेजारी एक बाई आल्या, खिडकी त्यांनी घेतली.

पार्किंगमध्ये संपतराव होते. माझ्यामागं बघितलं. नुसते म्हणाले, चा घेता का? मी नको म्हणून वर आलो. का नको म्हटलं कोण जाणे.

आज लिहून टाकतो. घर खायला उठलंय.

२ मार्च, रविवार
पाचला उठलो. आपोआप. कॅनॉलवर फिरून आलो. काम एकही नाही.

दहाला फोन नाही. सव्वादहालाही नाही. मग आठवलं, सौ. मागेच म्हणाली होती, आज तिच्या मुलांचं गॅदरिंग. पावणेअकराला रिंग वाजली. गॅसवर दूध तसंच सोडून धावलो. एक गृहस्थ, सदाशिव पेठेतून बोलतोय म्हणाले, सिलिंडर कधी येणार विचारत होते. गॅस एजन्सी नाही म्हटलं. सॉरी म्हणाले, सदाशिव पेठेतले असूनही. आवाज माझ्याच वयाचा वाटला.

तेही ठेवेनात, मीही ठेवेना. सहज सांगितलं, मला वाटलं मिसेसचा फोन. बंगलोरला असतात, टीचर आहेत, मुलांना इंग्रजी यमकं शिकवतात. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं. ते म्हणाले, वा, कौतुक आहे. मी म्हटलं, आहेच. तिनं माझ्या नावाचा घेतलेला उखाणा त्यांना पूर्ण म्हणून दाखवला, अर्थासकट. ते खूप हसले. फार बरं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही इथे एकटे काय करता?

राँग नंबर, म्हटलं, आणि फोन ठेवला.