पुण्याच्या उंदराला घातलेला लाडू

खांडबारा, रविवार

आदरणीय पतासीजीजी,

धाकट्या दीपचंदचा जय जिनेंद्र, आणि इथूनच वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि जिजाजींचा खोकला शहाद्याच्या हवेत कसे आहेत? इकडे मी, दुकान आणि दुकानातले उंदीर, सगळे धडधाकट आहोत. काळजी वाटते ती तुमच्या नातवाची. डाळ, दूध, बेसन सगळं बंद, वर ती डब्यातली बेचव पावडर. पाच वर्षांच्या श्रेणिकला हे पथ्य म्हणजे बारमाही पर्युषणच!

म्हणून तर पुण्याला गेलो होतो. आपली एकता (नात माझी, पण हुशारी माहेरची, असं तिची आई म्हणते) तिथल्या प्रयोगशाळेत श्रेणिकच्याच आजाराचे उंदीर सांभाळते. डाळी-दुधातला एक अंश त्यांना जन्मापासून पचत नाही, तो अंगात साठतो आणि मेंदू बिघडवतो. आजार आईबापांकडून आलेला, उंदराचा काही दोष नाही. अर्ध्यांना पथ्याचं खाणं, अर्ध्यांना साधं, मग वाट कोण लक्षात ठेवतो ते बघायचं. शेवटी त्यांना मारता का, असं मी विचारलं. कधी कधी मारावं लागतं, असं तिनं खरं ते सांगितलं. मी रागानं दिवसभर जेवलो नाही (संध्याकाळी राग गेला, पण तोवर सूर्यही गेला होता).

तरी बघायला गेलो. झगा, टोपी, पायांत पिशव्या, तोंडाला पट्टी. मला वाटलं, आता दीक्षाच देतात. आत एक भुरा उंदीर पथ्याचं कोरडं खाणं चघळत माझ्याकडे बघत होता. जीजी, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुकानातला उंदीरसुद्धा मी पिंजऱ्यात धरून स्टेशनमागे सोडून येतो (तो माझ्याआधी परत येतो). जीवदया उफाळून आली. झग्याखालच्या खिशात तुम्हीच पाठवलेला बेसनाचा लाडू होता. एकता पाठमोरी झाली आणि मी चिमूटभर आत सरकवला. मुक्काम होता तोवर रोज हे पुण्य केलं. मग त्याचं रक्त तपासलं, ते बिघडलेलं निघालं आणि मी पकडला गेलो. एकता ओरडली नाही. नुसती खुर्चीवर बसून म्हणाली, "दादाजी, हा माझा सगळ्यात हुशार उंदीर होता."

त्याला प्रयोगातून काढलं. इथे आमचा हमाल भटू गिऱ्हाइकांना सांगत सुटलाय, "शेठना आठे उंदीरस्ले पिंजरा, नि पुनाले लाडू!" फार लाज वाटली. पण एकता आता पुन्हा बोलते, मला झोप लागते, दुकान बरं चाललंय. एकंदर सुखात आहे.

तुमचा,
दीपचंद

ता.क. : फोन केला नाही, कारण तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि सूनबाई रोशनी शेजारीच असते. इतकं पथ्य पाळूनही श्रेणिकचं रक्त दर वेळी बिघडलेलं का येतं, म्हणून ती बिचारी माझ्याशी बोलताना रडली. डॉक्टरही कोड्यात आहेत. मी नाही. सून पाठमोरी झाली की आपण भावंडं काय करतो, ते मला चांगलं माहीत आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही.

ता.क. २ : हात जोडतो जीजी, त्याला देऊ नका. एकताला त्या उंदराच्या जागी दुसरा उंदीर मिळाला. आपला श्रेणिक एकच आहे.