कारा-ओयची मोजणी

३ जुलै
नोंदणी कचेरी शहरात ठेवायची की कारा-ओयला न्यायची, हे आता माझ्या मोजणीवर! आमच्या वरिष्ठ कानिमगुल बाई म्हणाल्या, "तीनशेच्या वर माणसं भरली तर गावात. तुमचंच गाव ना?" माझंच. म्हणून तर तिथं परत जायचं नाही. कचेरी इथं राहिली तर प्रमुखाची खुर्ची माझी. तिकडे गेली तर मीही तिकडेच, शेणाच्या धुरात.

९ जुलै
मोजणी केली. मुद्दाम आजच — जुलैत अख्खं गाव मेंढरं घेऊन वरच्या कुरणात असतं. बाईंना हे माहीत नसेल असं नाही, पण त्यांना कागदावर आकडा हवा. दारोदार फिरलो. एक्केचाळीस. म्हातारे, लंगडे, एक बाळंतीण.

गावप्रमुख सात्कीनबाय छातीवर हात ठेवून मागे मागे. "अरे बाळा, वर चारशे माणसं आहेत. सप्टेंबरात ये. एका दाखल्यापायी शहरात जाताना गेल्या हिवाळ्यात दोघं खिंडीत गोठून मेली रे."

मी म्हटलं, "काका, मोजणी दारात होते, डोंगरावर नाही." तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. खरं सांगतो, मजा आली.

१० जुलै
आईला भेटायला कुरणात गेलो. तीही मोजणीत नाही. कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे करत म्हणाली, "कचेरी आणतोयस ना? सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, माझा लेक आणतोय म्हणून." दोन वाडगे प्यायलो. खाली उतरलो.

२ सप्टेंबर
कचेरी शहरातच. खुर्ची माझी.

१८ नोव्हेंबर
सात्कीनबाय आला. खिंड ओलांडून, नाक काळं पडलेलं. नातवाच्या जन्माचा दाखला हवा. सुनेची सही राहिलेली. म्हटलं, घेऊन या. दोन दिवसांची वाट आहे. जाताना म्हणाला, "तुझ्या आईला खोकला झालाय. तुझं कौतुक मात्र थांबत नाही तिचं."

११ जानेवारी
आईला न्यूमोनिया. खिंड बर्फानं बंद. रस्ते खात्याला फोन केला, बर्फ काढायची गाडी आत्ताच्या आत्ता पाठवा. पलीकडचा थंडपणे म्हणाला, "शंभराच्या आतल्या गावाला यंदापासून गाडी नाही. तुमच्याच मोजणीत एक्केचाळीस आहेत, साहेब."

"खोटी आहे ती मोजणी!"

"मग तसं लिहून द्या. तासाभरात गाडी निघेल."

१२ जानेवारी
नाही दिलं लिहून.