ते नीसला येऊन मिळतील

बुकित बातोक, सिंगापूर
जून २००६

प्रिय शैलेंद्र,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "येतो गं" म्हणतोस आणि मग बोलायला काही उरत नाही. ईमेल लिहायला बसले तर ऑफिसच्या सवयीने शेवटी "काइंडली कन्फर्म" असं लिहून जाते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

तर आम्ही भूमध्य समुद्र बघून आलो. फ्रिजवरच्या तुझ्या नकाशात तू इटलीतल्या नेपल्सपासून फ्रान्समधल्या नीसपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली होतीस आणि आर्याने समुद्रात एक मासा काढून त्याला चष्मा लावला होता, आठवतं? ती सबंध रेघ आम्ही बसने फिरलो. तुझं जमलं नाही, ते असो. इथल्या मंडळातल्या चार कुटुंबांची टूर निघत होती, पण तिच्यात मी नाव घातलं नाही. हल्ली मंडळातल्या बायका माझ्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलतात. निशिगंधा तर भेटली की आधी माझ्या दंडावर हात ठेवते आणि मग "कशी आहेस?" विचारते. म्हणून पुण्याच्या कंपनीची टूर घेतली आणि आम्ही दोघी थेट नेपल्सला जाऊन त्यांना मिळालो. म्हटलं, तिथे आपल्याला कोण ओळखतंय.

पण मराठी टूरमध्ये पहिल्या दिवशी बसमध्ये माइक फिरतो, हे मी विसरले होते. एकेका कुटुंबाने उभं राहून नाव, गाव, नोकरी, मुलं काय करतात आणि सून कुठली केली हे सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. खिडकीबाहेर व्हेसुव्हिअस ज्वालामुखी होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. माझी पाळी आली. मी सुनेत्रा, ही मुलगी आर्या, युनिव्हर्सिटीत शिकते, आम्ही सिंगापूरला असतो, एवढं सांगून मी माइक पुढे देणार, तोच मागून आवाज आला, "आणि मिस्टर?"

मी म्हटलं, "कामात अडकलेत. ते नीसला येऊन मिळतील."

नीसच का, ते मला विचारू नकोस. तुझी रेघ तिथे संपते म्हणून असेल. बरं, तसं बघितलं तर मी खोटंही बोलले नाही. तू मला जे सांगतोस तेच मी बसमध्ये सांगितलं, गाव तेवढं माझं घातलं. आर्याने माझ्या हातातून माइक घेतला. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पापा व्हेरी बिझी ला," आणि सगळे हसले. मग तिने कानात गाणी खुपसली, मागच्या सीटवर मुलांमध्ये जाऊन बसली आणि पॉम्पेईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या शेजारची जागा अशी रिकामी झाली, आणि तिथेच प्रतापराव आमच्या आयुष्यात आले. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, पण ते बँकेपुरतंच. मॅनेजरपण बरोबर घेऊन फिरतात. पुढच्या सीटवरून भांडणं नकोत म्हणून रोज सगळ्यांच्या जागा एकेक ओळ सरकवायच्या, असा टूरचा नियम. तो पाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी म्हटलं, शेजारची जागा कुणाला तरी देऊन टाका. ते म्हणाले, "साहेब येणार आहेत, साहेबांची जागा साहेबांचीच." त्यामुळे तू आमच्याबरोबर रोज एकेक ओळ सरकत होतास. अमाल्फीच्या दिवशी तुझी पाळी सगळ्यात पुढे, खिडकीशी आली. खाली एवढा निळा समुद्र, कड्याला चिकटलेली पिवळी गुलाबी घरं, पपनसाएवढी लिंबं. सगळ्यात चांगलं तुला दिसलं. मी तुझ्या मांडीवरून वाकून फोटो काढले, म्हणजे मांडी असती तिथून.

पॉम्पेईत तुझी फार आठवण झाली. रस्त्याच्या कडेला दगडी ओटे आहेत, त्यांत गोल भोकं, त्यात अन्नाची मडकी ठेवून विकायचे. अगदी आपल्या ब्लॉकखालचं खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, फक्त वाढणारे अंकल नाहीत. तिथे राखेत सापडलेल्या माणसांचे ठसे काचेत ठेवलेत. एक जण गुडघे पोटाशी घेऊन नुसता बसलाय. गाइड म्हणाली, राख पडायला लागल्यावर बरेच लोक गाव सोडून गेले, काही थांबले. थांबलेल्यांना बघायला तिकीट आहे. गेलेल्यांचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. प्रतापराव म्हणाले, असलं आपल्याकडेही खूप होतं, फक्त आपण ठेवलं नाही. त्या एका बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

गेल्या गणपतीत तू आईंच्या मोतीबिंदूसाठी म्हणून पंधरा दिवसांची बॅग घेऊन पुण्याला गेलास. आईंना आता इतकं छान दिसतं की त्या सुईत दोरा ओवतात, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मग तू पुण्याहूनच काम करतो म्हणालास. मग हिवाळा चांगला असतो म्हणालास. भांडण झालं असतं तर बरं होतं. निदान कुठून पुढे बोलायचं ते कळलं असतं. तुझ्या चपला अजून दाराशी आहेत. झाडणारी मीच असल्यामुळे त्या उचलते, खाली झाडते आणि परत ठेवते.

टूरमध्ये मात्र तुझी भरभराट झाली. सोरेंटोला तू एका बँकेची नवी सिस्टिम बसवत होतास. पिसापर्यंत ती सगळी सिस्टिम तुझ्यावरच उभी होती, आणि मनोरा तिरका का आहे यापेक्षा तू नसलास तर सिंगापूरचं काय होईल यावर जास्त चर्चा झाली. यातलं मी निम्मंही सांगितलं नव्हतं. वाट बघणारी माणसं उरलेलं स्वतःच भरतात. टूरचे स्वयंपाकी महाराज रोज समुद्राकाठी पिठलं-भात करायचे, सगळे समुद्राकडे पाठ करून जेवायचे आणि नीसला साहेबांसाठी शिरा करायचा असं ठरवायचे.

नीसला पोचलो ती सुरेख संध्याकाळ होती. प्रतापरावांनी कुठूनतरी फुलं आणली होती. त्यांच्या मिसेस नीताताई विमान किती वाजता म्हणून विचारत होत्या. महाराजांनी खरंच शिरा केला होता आणि एक ताट झाकून ठेवलं होतं. मी फोनवर बोलायला जाते म्हणून समुद्रावर गेले. तिथे वाळू नाही रे, नुसते गोटे आहेत. बसलं की टोचतात. मी फोन हातात घेऊन बसले. कुणाला लावायचा नव्हता. नुसता हातात होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. विमानतळ तिथून दिसतो, पाण्यावरून विमानं खाली येतात. प्रत्येक विमान उतरेपर्यंत मी बघत होते. आर्या कधी शेजारी येऊन बसली ते कळलंच नाही. तिने कानातली गाणी काढली आणि म्हणाली, "ममा, यू ऑल्सो वेटिंग आ?"

मी फोन पर्समध्ये ठेवला. ती बराच वेळ बसली होती. मग तिनेच वर जाऊन सगळ्यांना सांगितलं की पापांची फ्लाइट कॅन्सल झाली.

सकाळी नाश्त्याला अरुणाताई माझ्यासमोर येऊन बसल्या. सत्तरीच्या आहेत, एकट्याच आल्या होत्या, सबंध टूरभर फारशा बोलल्या नव्हत्या. महाराजांकडून तो झाकलेला शिरा मागून आणला आणि शांतपणे खायला लागल्या. मध्येच म्हणाल्या, "आमचेही बरीच वर्षं येतच होते." मग बेदाणे बाजूला काढले, कारण त्यांना बेदाणे आवडत नाहीत. दंडावर हात ठेवला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. प्रतापराव कोथरूडला राहतात, तुझ्या पुढच्याच गल्लीत. निघताना विमानतळावर हे निघालं. म्हणजे "साहेब सध्या कामासाठी पुण्यात आहेत" असं माझ्याच तोंडून गेलं. त्यांनी पत्ता मागितला आणि मी दिला. चुकून नाही, विचार करून दिला. ते फोटोंची सीडी घेऊन नीताताईंसह तुझ्याकडे येतील आणि नीसला का आला नाहीत म्हणून तुला झापतील. तू काम होतं म्हणालास, पुढच्या वेळी नक्की म्हणालास, तर ते तुला माफ करतील आणि मला फोन करून सांगतील. ते सगळ्यांना फोन करतात. दुसरं काही सांगितलंस तरी फोन करतील, फक्त जरा हळू आवाजात बोलतील. दोन्ही मला चालतील. मी विचारलं की तू "येतो गं" म्हणतोस, आणि तुझ्यासाठी फुलं घेऊन उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला तसं म्हणायला तुला थोडं तरी जड जाईल, असा माझा अंदाज आहे. त्यांना चहा दे, साखर कमी. फोटोत पुढच्या सीटवर कुणीच का नाही असं त्यांनी विचारलं, तर ती तुझी जागा आहे. नकाशा अजून फ्रिजवरच आहे. तो काढायचा की नाही, ते प्रतापरावांचा फोन आल्यावर बघू.

अजून तरी तुझीच,
सुनेत्रा