जॉर्ज टाउनची तांबडी साखर

९ जून

संपली! कॉलेजला गेले पण एकाही तासाला बसले नाही. लायब्ररीच्या जिन्यावर बसून कादंबरी संपवली. घामाने कव्हर हाताला चिकटत होतं, तरी उठवेना.

गयाना देशातल्या एका बाईंची आहे. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत साहेबाला चहा आणून देणारी मोलकरीण असते ना — येते, ठेवते, जाते — तिलाच उचलून मधोमध बसवलंय. साहेब-मडम राहिले दाराबाहेर! आणि सगळं तिच्या बोलीत. आधी वाटलं, हे काय मोडकंतोडकं इंग्रजी. मग मोठ्याने वाचलं. अय्यो, काय गोड! या मोलकरणीच्या आजीला इथूनच, मद्रासहून, तिकडे ऊस तोडायला नेलेलं. ही अजून शिव्या तमिळमध्ये देते.

आमच्या घरचं मराठी आठवलं. तंजावरहून आलेलं, तमिळ खाऊन खाऊन गुटगुटीत झालेलं. वर्गातली नीलम नागपूरची, तिचे बाबा इथे आवडी नावाच्या उपनगरात रणगाड्यांच्या कारखान्यात. ती हसते — "तुमचं मराठी म्युझियममधलं गं!" ही रोजनिशीही तिच्याच सांगण्यावरून. रोज तिच्यासारखं लिहिलं की माझं मराठी सुधारेल म्हणे. सुधारायला ते आजारी आहे का?

१० जून

पुस्तक आमच्या इंग्रजीच्या विद्युल्लता मॅडमचं. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. तू वाचतेस, बाकीचे नोट्स मागतात." देव त्यांचं भलं करो!

१२ जून

मॅडमनी काम दिलंय — जुन्या गोष्टीतलं कुणी गप्प माणूस घ्या आणि त्याला बोलू द्या. मी दरबारातली दासी घेतली. जन्मभर एकच वाक्य, "महाराज आले." माझ्या गोष्टीत ती शेवटी दिवा विझवते आणि राजवाडा सोडून पळते. दाराशी पहारेकऱ्याला म्हणते, "जाते."

घरच्या मराठीत लिहिली. अम्माला वाचून दाखवली. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती. हात थांबला.

"जाते? घरांतून निघतां असं कोण बोलतं? अभद्र! 'जाऊन येत्ये' म्हणव तिला."

"अगं, ती पळून चाललीय! परत यायचंच नाहीये तिला."

"नसो. म्हणायला काय जातं?"

हट्टी बाई! पण बदललं. परत वाचलं. आता दासी खोटं बोलते, आपल्याला ते कळतं, पहारेकरी बिचारा "बरं, ये" म्हणतो. एका शब्दाने गोष्ट झाली. मॅडमना सांगणार आहे, शेवट अम्माचा म्हणून.

१६ जून

गयानाच्या विद्यापीठात एक सत्र, सहा महिने, खर्च सगळा त्यांचा! मॅडमनी मला न विचारता माझं नाव पाठवलं होतं. मी कॉरिडॉरमध्येच त्यांच्या पाया पडले. "ऊठ वेडाबाई, लोक बघतायत. घरी विचार आणि शुक्रवारी कळव."

घरी विचार! अप्पा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी इथेच, शहराच्या टोकाला शोळिंगनल्लूरला नोकरी धरली तरी अम्माला लांब वाटेल. नाही म्हणाली तर?

१७ जून

विचारलं. एवढंच निघालं — "अम्मा, मला जॉर्ज टाउनला जायचंय."

"जा की. त्यांत विचारायचं काय? बीच स्टेशनला उतर. ऊन डोक्यावर घेऊं नको. आणि येतां साखर आण, तांबडी असते ती."

तिला आपलं मद्रासचं, बंदराजवळचं जॉर्ज टाउन वाटलं! घाऊक बाजाराचं! गयानाच्या राजधानीचंही नाव तेच, हे तिला कसं माहीत असणार. हसावं की रडावं? आणि मी? मी "बरं" म्हटलं. गाढव!

१८ जून

नाही सांगितलं. अम्माने उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर पचडी केली होती, माझ्या आवडीची. पहिला घास गेला आणि हिंमतही गेली. मी नसताना ती एकटीसाठी करेल का काही? ताकभात खाऊन झोपेल, मला माहीत आहे.

कादंबरी पुन्हा चाळली. ऊसमळ्याच्या प्रकरणात कढीपत्त्याचं वाळकं पान. मी स्वयंपाकघरात कधी वाचत बसले होते?

१९ जून

कादंबरीतल्या त्या आजीला दलालाने सांगितलं होतं, बोट जवळच जाते, बस. ती बसली. मग मी कोण? मीही दलालच की!

लहानपणी अम्मा बँकेतून दमून यायची, तशीच मला लायब्ररीत न्यायची आणि बाहेर बाकावर पेंगत बसायची. मी जे काही वाचलं ते तिच्या त्या पेंगण्याच्या जिवावर. तिला फसवून मिळवलेला होकार मला नको. उद्या सांगणार. नाही म्हणाली तर नाही. रडेन, पण राहीन.

२० जून

सांगितलं. "ते हे जॉर्ज टाउन नाही अम्मा. समुद्रापलीकडचं."

तिने फोडणी उतरवली. "ठाऊक आहे. तूं कॉलेजांत असतां ते पुस्तक मी दोनदां वाचलें. खरं कधीं सांगत्येस, बघत होत्यें."

"मग साखर?"

"तिथलीच. जिच्यापायीं आपली माणसं नेली ती. कशी लागते बघूं."

मॅडमना कळवायला निघाले, दाराशी पोचले, तर मागून आवाज — "जाऊन येत्ये म्हण. आणि त्या दासीसारखं खोटं नको."