आईची रविवारची साधना

ती. ताई,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमची ती भुंकणारी कुत्री, सगळं ठीक असो. (इकडे आईचा जबडा थोडक्यात वाचला! पण क्रमाने सांगतो, नाहीतर पत्र अर्धं टाकून तू गाडी पकडशील.)

आई दर रविवारी उठल्याउठल्या पेलाभर पाणी पिऊन खिडकीजवळ ताठ बसते, हे मी तुला कौतुकाने कळवलंच होतं. अर्धा तास खाणं नाही, आडवं होणं नाही, कुणी बोललं तर नुसता हात वर. या वयात केवढी साधना! मीही श्रद्धेने शेजारी डोळे मिटून बसू लागलो. (लक्ष चहाकडे असे, ही गोष्ट निराळी.)

तर काल तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाढ काढायची, जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, त्यावर नवा दात. भाजलेले दाणे पुन्हा चावायचे, एवढाच तिचा हट्ट. बाईंनी विचारलं, "आजी, औषधं कुठली चालू आहेत?" आईने ठणकावलं, "एकही नाही." बाईंनी बधिर करायची सुई उचलली, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी आईच्या साधनेचं गुणगान सुरू केलं! उपाशी पोट, पेलाभर पाणी, ताठ बैठक... बाईंनी सुई खाली ठेवली.

"आजी, आठवड्याला हाडांची गोळी घेता ना?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "याच्या जिभेला हाड नाही, द्या त्यालाच ती गोळी!"

बाईंनी समजावलं, ती गोळी अशीच उपाशी पोटी घेऊन ताठ बसायचं असतं; तिने हाडं टिकतात, पण क्वचित कुणाची जबड्यातली जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलणं, मग दाढेला हात. गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही. मी तिथेच देवाला हात जोडले. आई म्हणते, "त्याला कशाला? बडबडलास तू."

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गोळी लपवली का? तर म्हणे, "यानं मला काचेच्या बरणीसारखं फडताळात ठेवलं असतं." आणि कधीपासून घेते, ते "ताईला विचार, तिनेच डॉक्टरांकडे नेलं होतं"! म्हणजे माझी साधनेची पत्रं वाचून तू तिकडे हसत होतीस तर! आता ये, आणि डॉक्टरांना सगळं सांग. तुझ्यावाचून दाढ अडली आहे.

ता. क. आज रविवार. साधना नाही, गोळी आहे, हे कळल्यावर मी सरळ चहा टाकायला निघालो. आईने हात वर केला आणि शेजारची खुर्ची दाखवली. बसलो. (ताई, आज चहा आठवलाच नाही.)