दोन वाजता ओसरीत

राजुरा, मंगळवार

प्रिय दीपिका,

तू पाठवलेला संमतीचा कागद शनिवारी मिळाला. पंख्याने उडू नये म्हणून तांब्याखाली ठेवला आहे. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी कढीपत्त्याचे आणि गॅस सिलिंडरचे बोलत राहिले. हा विषय मला फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. इकडे ठीक आहे. प्रफुलकाका रविवारी येऊन बाबांची मोटारसायकल सुरू करून जातात. तेवढा वेळ मी मागच्या अंगणात जाऊन बसते.

तुझे म्हणणे मला समजले आहे. बाबांचे जुने निरोप कॉम्प्युटरला ऐकवायचे, म्हणजे तो त्यांच्याच आवाजात नवे निरोप बोलेल. खाणीत ब्लास्टिंग किती वाजता आहे, कोणता रस्ता बंद आहे, हे गावांना धनराजभाऊंच्या तोंडून कळेल. लोकांचा त्या आवाजावर विश्वास आहे, तो वाया जाऊ नये, असे तू म्हणालीस. तुझ्या साहेबांना कल्पना पसंत पडली. या कामावर तुझी नोकरी कायम होणार आहे, हे तू सांगितले नाहीस, पण मला कळते. बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर अनुकंपात लागलीस त्याला नऊ महिने होत आले. म्हणून मला लगेच नाही म्हणवले नाही.

तू लहान होतीस तेव्हा त्यांचे जनसंपर्काचे काम म्हणजे ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरणे होते. बातमीचे पाकीट ते चंद्रपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कुठे आली ते शोधत बसायचे. गावात शिरले की पोरे ओरडायची, आला कंपनीचा भोंगा. मोठी माणसे तेवढेही बोलायची नाहीत. घरांना तडे गेलेले, विहिरीचे पाणी खाली गेलेले, आणि हा माणूस कंपनीचा पगार घेऊन नमस्कार करत येतो. गावकऱ्यांचेही काही चुकत नव्हते. बाबा घरी येऊन जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा बांधायचे.

मग एकदा सुगंधाबाईंनी त्यांना अडवले. त्यांचे घर खाणीला सगळ्यांत जवळचे, तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, सांगून कशाला जाता भाऊ, दोन वाजता इथे बसून पाहा. बाबा बसले. त्या दिवसापासून त्यांनी तो नियमच केला. ब्लास्टिंगच्या वेळी कंपनीचा माणूस गावात हवा. ओसरीत बसायचे, काचेचा ग्लास पाणी भरून जमिनीवर ठेवायचा आणि बघत राहायचे. पाणी जास्त हलले की तिथूनच खाणीत फोन. दोन-तीनदा त्यांच्या फोनमुळे पुढच्या वेळचा सुरुंगाचा बार कमी केला गेला. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आले, गावांचे ग्रुप झाले, ऑफिसातले लोक म्हणू लागले की आता जायची गरज काय. बाबा निरोप मोबाईलवरच द्यायचे, पण तिथे बसून. पहिले वाक्य ठरलेले, मी धनराज बोलून राह्यलो, सुगंधाबाईच्या ओसरीत बसलो आहो. ऑफिसात चेष्टा व्हायची की यांचे जनसंपर्क म्हणजे चहापान. बाबांच्या तेरवीला त्या गावाहून दोन गाड्या भरून माणसे आली, ती तू पाहिलीस. त्यांत कंपनीवर मोर्चा नेणारेही होते.

तू नमुना म्हणून पाठवलेला निरोप मी गेल्या बुधवारी सकाळी ऐकला. त्यात तेच पहिले वाक्य होते. दीपिका, तुला खोटे सांगत नाही, मी हातातली परात खाली ठेवली, पातळ बदलले आणि बसस्टँडवर गेले. बाबा आता नाहीत हे मला ठाऊक होते. तरी गेले. बसमध्ये वाटत होते, लवकर पोचायला हवे, दोन वाजतील.

सुगंधाबाईंनी मला ओसरीत बसवले. चहा टाकला. मी त्यांना निरोप ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला, मग ओसरीतल्या त्या कोपऱ्याकडे बघितले, बाबा भिंतीला टेकून बसायचे तिकडे. म्हणाल्या, "आवाज तं भाऊचाच आहे, बाई. पण चहा कोनाले देऊ?"

दोन वाजता भिंत हादरली. फळीवरची भांडी वाजली, वरून माती पडली. मी वीस वर्षे ते सगळे बाबांच्या तोंडून ऐकत होते, पण पायाखाली पहिल्यांदा कळले. सुगंधाबाईंनी ग्लास भरून ठेवला होता. पाणी बाहेर सांडले. फोन करायला कोणी नव्हते.

कागद सही न करता या पत्रासोबत उद्या सकाळच्या एसटीने परत पाठवते आहे. रागावू नकोस. साहेबांना सांग की आई तयार नाही, दोष माझ्यावर टाक. बाबांचा आवाज खरा होता कारण निरोप देताना ते तिथे बसलेले असायचे. ते वाक्य कॉम्प्युटरला म्हणता येईल, बसता येणार नाही. तुला येईल. परवा गुरुवारी दोनला पुन्हा ब्लास्टिंग आहे, सुगंधाबाईंनी सांगितले. तू ये. मी पण बसने येते. निरोप तुझ्या आवाजात दे, पहिल्यांदा थरथरला तरी चालेल. आणि एक काम माझ्यासाठी कर, त्यासाठीच हे सगळे लिहिले. तो नमुना माझ्या मोबाईलमधून पुसून टाक. कसा पुसतात ते मला येते. रोज सकाळी बोट तिथपर्यंत नेते आणि पुन्हा ऐकते. त्यात मध्येच येणारा त्यांचा खोकला नाही, मागे सुगंधाबाईंचा कोंबडा नाही, तरी ऐकते. माझ्याने होत नाही बाळा, ते तूच कर.

वाट पाहणारी,
तुझीच आई