बिबा उतला

१० जाने., शनि.
दुपारी एकलाच मोकळी झाले. ह्यांची गाडी धरून बेचाळीस लिंबू-मिरच्या पोचवल्या. आधी दापोड्याची गोदामं, मग मानकोली नाक्यावरचे टेम्पोवाले. लिंबू, सात मिरच्या, खाली बिबा. अकरा वर्षं दर शनिवारी हेच, झोपेतसुद्धा ओवीन. ह्या वेळचे बिबे मात्र चांगलेच रसरशीत निघाले. सुई घातली की काळं तेल नुसतं ओघळतंय.
संध्याकाळपासून बोटांच्या बेचक्यात खाज. लिंबाचं असेल. खोबरेल लावलं.

११, रवि.
लिंबाचं नाही. बोटांवर पाण्याचे फोड, मनगट लालभडक. झोपेत डोळा चोळला असणार, डावी पापणी टम्म. आरशात बघून मीच दचकले. हे म्हणाले, "कोणाशी भांडून आलीस?" ह्यांना सगळ्याची मस्करी. टेम्पो घेऊन सुरतेच्या फेऱ्यांना गेले, आता दहा-बारा दिवस तिकडेच.
सासूबाईंचं निदान तयार. "इतक्या जनांची नजर काडतंस तू. ती कुठं जाल? तुज्याच हातान बसली." मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. नजर उतरली की नाही माहीत नाही, आम्ही दोघी खोकून खोकून अर्ध्या झालो.

१२, सोम.
जो येतो तो वैद्य. कडुलिंब लाव, गेरू लाव, कोरफड लाव. मी शहाणीने सगळ्यांच्या वर जाऊन हळद लिंबाच्या रसात कालवून लावली. आई गं! ब्रह्मांड आठवलं. धुऊन होईपर्यंत मोरीत नाचत होते.
शेजारच्या सलमाआपा आवाज ऐकून आल्या. आधी आमसुलाचं पाणी लावून बघितलं. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "अगं वंदना, हे पित्त न्हाय. पित्त आमसुलानं बसतं. हे दुसरं कायतरी हाय." मग त्यांनी लूमवर विणलेल्या मऊ सुती कापडाच्या पट्ट्या फाडल्या, माठातल्या पाण्यात भिजवून हातावर ठेवल्या. गरम झाली की बदल, गरम झाली की बदल. दुसरं काही लावू दिलं नाही. खाज बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा शांत डोळा लागला. आपांचा दम: उद्या-परवा डॉक्टरला दाखव, नाहीतर मी हाताला धरून नेईन.

१४, बुध., संक्रांत
हळदीकुंकवाला कुठेच गेले नाही. असल्या बोटांचं कुंकू कोण लावून घेणार.
दुपारी पारूबाई आली. डोंगरातून बिबे आणते ती, दर महिन्याला एक पिशवी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच माझा हात बघितला.
"उतला."
"काय उतला?"
"बिबा उतला तुला."
म्हटलं, अगं अकरा वर्षं टोचतेय मी, कधी पुरळसुद्धा नाही. तर म्हणते, "मंग काय झालं? येक दिस तो मानसाला वळखतो. वळखला का सोडीत न्हाय. झाडाखालून गेलीस तरी उतल आता."
तिनेच सांगितलं, तीळ वाटून लोण्यात कालव, आणि ओलं खोबरं खा. सासूबाईंनी लाडवांसाठी निवडलेले तीळ पाट्यावर घेतले. लेप थंडगार. हात जागेवर आल्यासारखा वाटला. लाडू मात्र नाहीत ह्या वर्षी. तिळगूळ हातालाच.
पारूबाईने विचारलं, "पिशवी परत नेऊ?" नको म्हटलं. डब्यात घालून माळ्यावर ठेवायला लावली.
ती गेल्यावर रडले. सरळ लिहिते, खाजेने नाही. पहिल्या वर्षी ह्यांना लाज वाटायची, त्यांच्या आईंना पटत नव्हतं, तरी मी उभं केलं हे. नाक्यावर मला अमक्याची बायको म्हणून कोणी ओळखत नाही. लिंबूवाली वहिनी म्हणतात. हातच गेला तर मी कोण?

१५, गुरु.
आपांनी नेलंच. डॉक्टरीण पोरगेलीशी. तिने पारूबाईचंच सांगितलं, इंग्रजीत, आणि वर एक ट्यूब दिली. फोड फोडायचे नाहीत. थंड पट्ट्या चालू ठेवा, सुकलेल्या जागी खोबरेल चालेल. लेप फुटलेल्या फोडांवर नको. आणि बिब्याला आता हात लावायचा नाही, कधीच नाही. पुढच्या वेळी ह्याहून वाईट उठेल, डोळ्याला गेलं तर भारी पडेल.
सासूबाई बाहेर येऊन: "येवरंच सांगाला येवरी शिकली?"
संध्याकाळी ह्यांचा फोन. ऐकून हसले. "आजवर सगळ्यांना बिबा बांधलास, आता कुणाच्या कामात बिबा घालू नकोस म्हणजे झालं." फोन ठेवून दिला मी.

१६, शुक्र.
उद्या शनिवार. आई म्हणाल्या, मी टोचतं. त्यांना सुईचं नाक दिसत नाही, पहिल्याच बिब्याला सुई अंगठ्यात घुसवून घेतली. डबा काढून घेऊन परत माळ्यावर टाकला, त्यांना हात साबणाने तीनदा धुवायला लावला. हातमोज्यांचा विचार केला, पण जाड मोज्यात दोरा धरवत नाही आणि पातळ मोजा सुईने फाटतो.
इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. ठाण्याकडे कोळसाच बांधतात म्हणे. काळं ते काळं. दुखऱ्या बोटांनी एक्केचाळीस ओवल्या. पाठ मोडून आली.

१७, शनि.
ठरवून गेले होते की प्रत्येकाला सांगायचं: बिबा नाही, कोळसा आहे, नको तर नको. पहिल्या गोदामाशी तोंड उघडणार तर शिपायाने जुनी काढून नवी टांगलीसुद्धा. दुसरीकडे तसंच. नाक्यावर तसंच. वहिनी, द्या. वहिनी, ठेवा तिथे. चाळीस जणांनी बघितलंच नाही.
बघितलं एकट्या टेम्पोवाल्या रामसजीवनने. "भाभी, बिब्बा किधर गया?" मी हात पुढे केला. त्याने वाकून बघितला. म्हणाला, "अरे राम. ये सब हमारे लिए?" मग कोळशाची घेतली, बंपरला बांधली.
परत येताना त्याचा टेम्पो राहनाळच्या वळणावर उभा होता. माझी काढली नव्हती. पण कोळशाच्या खाली तारेने एक बिबा जोडला होता, दुसरीकडून आणून.
त्याचा राग आला नाही. राग आला त्या चाळीस जणांचा. अकरा वर्षं ज्या तेलात बोटं घातली, ते तिथे आहे की नाही हे कोणाच्या गावीही नव्हतं. की माझाच राग आला, कोणी विचारलं नाही म्हणून बरं वाटलं ह्याचा? कोण जाणे.

२०, मंगळ.
फोड सुकले. साल निघतेय, खालची कातडी गुलाबी. पापणी उतरली. खोबरेल दिवसातून दोनदा. आपा आता पट्ट्यांसाठी नाही, चहासाठी येतात. आई सगळ्या आळीला सांगतायत की त्यांच्या तिळांनी बरं झालं. ट्यूबचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

२३, शुक्र.
हे काल रात्री आले. हात उलटसुलट करून बघितला, मस्करी नाही केली. आज भांडी त्यांनीच घासली.
दुपारपासून ओवायला बसले. हात चांगला चालला. चाळीस कोळशाच्या झाल्या. नाक्यावर उद्या सगळ्यांना मोठ्याने सांगणार, ठरलं. रामसजीवनची खाली मोकळीच ठेवलीय, खालचं तू तुझं बांध म्हणणार.
एक राहिली, ह्यांच्या गाडीची. उद्या माल घेऊन नाशिकला, घाटातून. विचारलं, काय लावू? म्हणाले, "कोळसाच लाव की. गाडी ब्रेकने थांबते." बरोबरच आहे. मी तरी लोकांना दुसरं काय सांगणार आहे?
हे आंघोळीला गेले तशी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. का, विचारू नये. आई दारात उभ्या होत्या. डब्याकडे बघितलं आणि आत वळल्या.
लिंबू ओवलं. सात मिरच्या ओवल्या. डबा उघडा आहे, बाजूला कोळशाचा तुकडा. सुई हातात तशीच.
त्या चाळीसांना मिळून एवढा वेळ लागला नव्हता.